हाताला ताकद आली, तरी कंगवा उलटा का धरतात?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. वडिलांना तीन महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती, आता हात बराच परत आलाय, मुठीत पकड आहे, हात डोक्याच्या वर जातो, फिजिओथेरपिस्ट म्हणतात ताकद चांगली आहे. पण कंगवा दिला की उलटा धरतात, दात घासून दाखवा म्हटलं की ब्रश गालावर फिरवतात नाहीतर नुसते ब्रशकडे बघत बसतात, शर्ट घालताना भलत्याच बाहीत हात जातो. आणि नातू शाळेला निघाला की तोच हात वर करून व्यवस्थित टाटा करतात. त्यामुळे तुमच्या आईचं म्हणणं पडलं की हे मुद्दाम करतायत, आणि तुम्ही विचारताय की ताकदीचे व्यायाम अजून वाढवू का, आणि हे किती सुधारेल. जाता जाता एक ओळ लिहिलीय की डाव्या हाताने करा म्हटलं तरी तसंच होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवते, स्ट्रोकच्या पेशंटबरोबर बरीच वर्षं काम करतेय, आणि मला विचाराल तर तुमच्या सगळ्या वर्णनात ही जाता जाता लिहिलेली ओळच सगळ्यात मोलाची आहे. डाव्या हाताला स्ट्रोकने काहीच केलेलं नाही. त्याचे स्नायू, नसा, त्याला हलवणारा उजवा मेंदू, सगळं शाबूत. तरी तो चुकतो, म्हणजे बिघाड हातात नाहीये, दोन्ही हातांच्या वर, जिथे 'काय करायचंय' याचं 'कसं करायचं' तयार होतं तिथे आहे. याला ॲप्रॅक्सिया म्हणतात. मी त्यांना प्रत्यक्ष बघितलेलं नाही त्यामुळे छातीठोक निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय तसं असेल तर हे मुद्दाम अजिबात नाही आणि नुसती ताकद वाढवून सुटणारंही नाही. का ते सांगते, जरा लांबेल, पण हे कळलं की घरी काय करायचं ते बऱ्यापैकी तुमचं तुम्हालाच सुचायला लागेल.

आधी एक गोष्ट करून बघा. टेबलावर एक ग्लास पालथा ठेवा आणि घरातल्या कुणालाही म्हणा की हा सुलटा करून त्यात पाणी ओत. हाताकडे नीट बघा. ग्लासला हात लागायच्या आधीच मनगट वळलेलं असतं, अंगठा खाली, कोपर थोडं बाहेर, पकड अवघडलेली. का, तर ग्लास सुलटा झाल्यावर हात आरामात राहावा म्हणून. म्हणजे सुरुवात अवघड करून शेवट सोपा करायचा हे मेंदूने हात निघायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. डेव्हिड रोझेनबॉम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे रेस्टॉरंटमधल्या वेटरला पालथे ग्लास उचलताना बघून सुचलं, आणि १९९० च्या सुमाराला त्याने त्यावर रीतसर प्रयोग केले.

आता तोच हात अजून जवळून बघा. ग्लासकडे जाताना बोटं वाटेतच उघडतात, ग्लासच्या रुंदीपेक्षा थोडी जास्तच, साधारण दोन तृतीयांश वेळ झाला की सगळ्यात जास्त उघडलेली असतात आणि मग शेवटच्या टप्प्यात मिटत मिटत बरोबर मापाची होऊन ग्लासवर बसतात. मार्क जानरो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे मोजून दाखवलं. ग्लास लहान असेल तर कमी उघडतात, मोठा असेल तर जास्त. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं माप वाटेतच बोटांपर्यंत पोचलेलं असतं.

आणि हे सगळं अंदाजावर चालतं बरं का. डोळ्यांना चूक दिसून तिची दुरुस्ती हातापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो, बऱ्याचदा जास्तच, आणि ग्लास उचलायची अख्खी हालचालच एका सेकंदाच्या आत संपते. बघून बघून करायचं म्हटलं तर हात कायम उशिराच पोचेल. म्हणून मेंदू आधीच अंदाज बांधतो की हा हुकूम सोडला की हात कुठे जाईल, काय जाणवेल, आणि प्रत्यक्षात काही वेगळं जाणवलं तरच दुरुस्ती करतो. या अंदाजाच्या कामात लहान मेंदू म्हणजे सेरेबेलम याचा मोठा वाटा असतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारणही हेच, आपलाच हात काय जाणवून देणार ते मेंदूला आधीच माहीत असतं. उभं राहून हात झटकन समोर उचलला तर पाठीचे आणि पायाचे स्नायू हाताच्याही आधी आवळलेले असतात, नाहीतर हाताच्या वजनाने तोल पुढे जाईल.

मग प्रश्न असा येतो की मेंदू नेमकं साठवून काय ठेवतो? आपल्याला वाटतं की 'कंगवा फिरवणे' म्हणजे अमुक स्नायू इतका आवळ, तमुक स्नायू तितका सोड, अशी काहीतरी यादी असणार. तसं नाहीये. निकोलाय बर्नस्टाइन नावाचा रशियन शास्त्रज्ञ होता, त्याने १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बांधून फोटो काढले आणि प्रत्येक घावाची वाट मोजली. त्याला दिसलं की दर घावाला खांदा, कोपर, मनगट थोड्या वेगळ्या वाटेने जातात, पण हातोड्याचं टोक मात्र दरवेळी जवळजवळ तिथेच पोचतं. एका सांध्यातली गडबड दुसरा सांधा भरून काढतो. खांद्यापासून मनगटापर्यंत हात सात वेगवेगळ्या प्रकारे हलू शकतो, म्हणजे एकाच जागी पोचायचे असंख्य मार्ग आहेत, आणि मेंदू मार्ग पाठ करत नाही, कुठे पोचायचं आणि वस्तूचं काय व्हायला हवं ते धरून ठेवतो. म्हणूनच तुम्ही कागदावर बोटांनी सही केली काय किंवा फळ्यावर अख्ख्या खांद्याने मोठी केली काय, वळण तुमचंच राहतं, स्नायू पूर्ण वेगळे असूनसुद्धा.

आता वडिलांकडे येऊ. हातातल्या वस्तूचं काय करायचं, ती कशी धरायची, कुठल्या दिशेने आणि शरीराच्या कुठल्या भागाशी न्यायची, हे ज्ञान बहुतेक लोकांत डाव्या मेंदूत बांधलेलं असतं, मुख्यतः कानाच्या वर मागच्या बाजूला जो पराएटल भाग आहे तिथे, आणि तिथून कपाळाकडच्या, हालचालीची तयारी करणाऱ्या प्रीमोटर भागाशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. ह्यूगो लीपमान या जर्मन डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे शोधलं. १९०० मध्ये त्याने एका सरकारी अधिकाऱ्याची केस मांडली, त्या पेशंटचा उजवा हात साध्या गोष्टीही चुकीच्या करायचा, सगळे म्हणत होते की याची बुद्धीच गेलीय, आणि लीपमानने तो उजवा हात धरून ठेवून डाव्या हाताने करायला सांगितलं तर सगळं बरोबर. बुद्धी शाबूत होती. पुढे १९०५ च्या आसपास त्याने पॅरालिसिसचे बरेच पेशंट तपासले आणि दिसलं की ज्यांची उजवी बाजू गेलीय त्यांच्यातल्या पुष्कळांचा 'चांगला' डावा हातसुद्धा सांगितलेल्या हालचाली चुकतो, पण ज्यांची डावी बाजू गेलीय त्यांचा उजवा हात सहसा चुकत नाही. म्हणजे योजना डावीकडे बनते आणि डाव्या हातालाही तिथूनच मेंदूच्या मधल्या पुलावरून मिळते. डावखुऱ्या लोकांत हे गणित वेगळं असू शकतं, त्यामुळे वडील डावखुरे असतील तर ते थेरपिस्टला जरूर सांगा.

त्यामुळे तुमची जाता जाता लिहिलेली ओळ मला इतकी महत्त्वाची वाटली. शंभरेक वर्षांपूर्वी लीपमानने जे तपासून काढलं ते तुम्ही घरी बघितलंत.

मग टाटा कसा जमतो? आईंना पटवायचं असेल तर हे समजावून सांगणं गरजेचं आहे, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त याचाच राग येतो. नातू दारात उभा आहे, हात हलवतोय, रोजचीच वेळ आहे, रोजचंच दार आहे. इथे हालचाल बाहेरून ओढली जाते, सगळा प्रसंगच तिला बाहेर काढतो. पण तुम्ही दुपारी सोफ्यावर बसवून 'टाटा करून दाखवा बघू' म्हणालात तर सगळी योजना आतून, शब्दावरून, स्वतःहून बांधावी लागते, आणि नेमकं तेच यंत्र दुखावलंय. जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय की जीभ बाहेर काढा म्हटलं तर पेशंटला जमत नाही आणि थोड्या वेळाने तोच पेशंट आपसूक ओठावरून जीभ फिरवतो. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर असतं आणि ऐन वेळी येत नाही, मग दहा मिनिटांनी दुसरंच काही बोलताना टपकन निघतं, साधारण तसं हे हातांच्या बाबतीत होतं. फरक एवढाच की नाव येत नाहीये हे आपल्याला कळतं, ॲप्रॅक्सियाच्या पेशंटला आपण चुकतोय हे पुष्कळदा कळतच नाही, त्यामुळे ते गोंधळलेले न दिसता बेफिकीर दिसतात आणि लोकांचा गैरसमज अजून पक्का होतो.

म्हणजे सर्वसाधारण चढण अशी असते. रिकाम्या हाताने 'कंगवा फिरवून दाखवा' हे सगळ्यात कठीण, समोरच्याचं बघून नक्कल करणं त्याहून बहुधा थोडं सोपं (काहींना नक्कलही तितकीच जड जाते), खरा कंगवा हातात दिला की अजून सोपं, आणि खरा कंगवा, खरा आरसा, आंघोळीनंतरचे ओले केस, रोजची वेळ, असं असेल तर सगळ्यात सोपं. रिकाम्या हाताने ब्रश दाखवायला सांगितलं तर कित्येक पेशंट बोटालाच ब्रश करून दातांवर घासतात, तेही याचंच लक्षण. तुमच्या वडिलांना खरी वस्तू हातात असतानाही अडतंय, म्हणजे त्रास अगदी सौम्य म्हणता येणार नाही. पण ते आंघोळीनंतर आरशासमोर अडतं की तुम्ही हॉलमध्ये बसवून दाखवायला सांगता तेव्हा अडतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावर अवलंबून आहे. चारपाच दिवस काही न बोलता नुसतं बघा आणि लिहून ठेवा.

ॲप्रॅक्सिया म्हणायच्या आधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. पहिली भाषा. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बोलणं किंवा समजणं बिघडलेलं असण्याची शक्यता मोठी असते आणि हे दोन्ही भाग शेजारीशेजारी असल्याने बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र दिसतात, म्हणजे कधी कधी माणसाला सांगितलेलंच कळलेलं नसतं. समोर कंगवा, चमचा, किल्ली ठेवा आणि विचारा कंगवा कुठला, बोट बरोबर ठेवलं तर निदान शब्द पोचतोय. दुसरी संवेदना. सांध्यांची जाणीव गेली तरी हात भरकटतो, पण अशा माणसाला हाताकडे बघून केलं की बरंच जमतं, ॲप्रॅक्सियात बघून फारसा फरक पडत नाही. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला इयान वॉटरमन, १९७१ मध्ये १९ व्या वर्षी एका आजारानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हालचालीची जाणीवच गेली, स्नायू मात्र ठीक होते, आणि त्याने निव्वळ डोळ्यांनी बघून बघून प्रत्येक हालचाल पुन्हा शिकली. त्याची योजना शाबूत होती, खबर येत नव्हती. तुमच्या वडिलांचं बहुधा उलटं आहे. तिसरी गोष्ट, चूक कशी दिसते ते बघा. लहान मेंदूच्या दुखण्यात हालचाल बरोबरच असते पण हात वस्तूच्या पुढे जातो, थरथरतो. पार्किन्सनमध्ये बरोबर असते पण छोटी, संथ, सुरुवातीलाच अडकणारी. ॲप्रॅक्सियात हालचालच वेगळी होते, चुकीची पकड, चुकीची दिशा, चुकीचा क्रम. याशिवाय नजरेचा एका बाजूचा भाग गेलाय का, मन उदास आहे का, हेही बघायला हवं, स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि ते 'लक्ष देत नाहीत' असंच दिसतं.

आता घरी काय करायचं.

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे परीक्षा घेणं बंद करा. 'दाखवा बघू', 'हे काय आहे, याचं काय करतात', पाहुणे आले की 'बाबा, जरा हात हलवून दाखवा', हे सगळं आजपासून बंद. यातून शिकणं काहीच होत नाही, कारण तुम्ही नेमकी सगळ्यात कठीण गोष्ट पुन्हा पुन्हा मागताय, आणि दरवेळी जी चुकीची हालचाल होते तिचाच सराव होतो. मेंदूला सराव चांगला की वाईट हे कळत नाही, जे घडलं ते मुरतं.

दुसरं, कामं निवडा, दोनच. ॲप्रॅक्सियात एका कामात झालेली सुधारणा दुसऱ्या कामात फारशी उतरत नाही, ब्रश शिकवला म्हणून कंगवा आपोआप येत नाही. जर्मनीत गेओर्ग गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यावर केलेलं काम मी अजूनही प्रत्येक घरच्यांना सांगते, कारण त्यातून निघालेलं फार उपयोगी आहे. त्यांनी पेशंटना दात घासणं, टीशर्ट घालणं अशी खरीखुरी कामं चुका होऊ न देता शिकवली. जी शिकवली ती सुधारली, जी शिकवली नाहीत ती नाही सुधारली, आणि सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांनी घरी ते काम चालू ठेवलं होतं त्यांचंच टिकलं. म्हणून बोर्डच्या भोकांत खुंट्या घालणं आणि रंगीत रिंगा ओवणं यावर तासन्‌तास घालवण्यापेक्षा वडिलांना स्वतःला जे करावंसं वाटतं ते घ्या. निवड तुमच्या सोयीने करू नका, त्यांना विचारा. बोलणं नीट नसेल तर वस्तू समोर ठेवून विचारा. दाढी स्वतः करता येत नाही याचं ज्या माणसाला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय त्याला शर्टाच्या बटणांत रस नसतो (दाढीसाठी मात्र ब्लेड नको, इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या).

समजा ब्रश निवडला. रोजच्याच वेळी, रोजच्याच सिंकपाशी. तिथून रेझर, साबण, कंगवा, दुसऱ्यांचे ब्रश सगळं नजरेआड करा, कारण समोर जास्त वस्तू असल्या की भलतीच वस्तू उचलली जाते किंवा बरोबर वस्तूवर भलतीच हालचाल होते. पेस्ट आधीच लावून ठेवा, पेस्ट लावणं हे वेगळं आणि कठीण काम आहे, ते नंतर. ब्रश असा ठेवा की दांडा त्यांच्या हाताकडे आणि केस वरच्या बाजूला, म्हणजे सरळ उचलला की पकड आपोआप बरोबर येते. वर ग्लासचं सांगितलं ते इथे कामी येतं बघा, शेवट लक्षात घेऊन सुरुवातीची पकड ठरवायची हे काम त्यांच्या मेंदूकडून होत नाहीये, ते तुम्ही वस्तू ठेवण्याच्या पद्धतीतून करून देताय. कंगवा उलटा धरण्याचा त्रास तर कित्येकदा एवढ्यानेच अर्धा होतो.

तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, जरा मागे उभे राहा. समोर उभं राहू नका, समोरून दाखवलं की डावंउजवं उलटतं आणि नक्कल करणं त्यांच्यासाठी अजून जड होतं. तुमचा तळहात त्यांच्या हाताच्या पाठीवर, बोटं त्यांच्या बोटांवर, आणि दुसरा हात कोपराखाली. मग त्यांच्या हातानेच ब्रश उचलायचा, तोंडाशी न्यायचा, घासायला सुरुवात करायची. एका बाजूच्या दाढांवरून समोरच्या दातांवर आणि तिथून दुसऱ्या बाजूला जाताना मनगट आणि कोपर दोन्ही वळवावं लागतं, आणि बहुतेक पेशंट बरोबर या वळणावर अडकतात, ब्रश बाहेर येतो आणि गालावर नाहीतर हनुवटीवर फिरायला लागतो. तुमचे वडील गालावर ब्रश फिरवतात असं लिहिलंय तेव्हा मला हेच डोळ्यांसमोर आलं. तिथे कोपराखालचा हात हलकेच वर उचला आणि वळण पार करून द्या. त्यांचा हात स्वतःहून लय पकडतोय असं जाणवलं की तुमचा हात सैल सोडा पण काढू नका, परत भरकटायला लागला की लगेच घट्ट. चूक होऊन मग 'नाही नाही असं नाही' म्हणण्यापेक्षा चूक व्हायच्या आधी हात वळवणं केव्हाही चांगलं.

आणि या सगळ्यात बोलू नका. किंवा एकच शब्द, दरवेळी तोच. घरचे प्रेमापोटी सारखं सांगत असतात, आता वर, आता फिरवा, अहो तसं नाही, कोपर उचला, आणि प्रत्येक शब्द म्हणजे आतून योजना बांधायची एक नवी मागणी होते. त्याच कारणाने दोघांनी एकदम सूचना देणं तर नकोच.

आधार काढायचा तो शेवटाकडून काढा. म्हणजे सुरुवातीला सगळं हात धरून, मग शेवटचा भाग, ब्रश धुऊन ठेवणं, त्यांच्यावर सोडा, ते जमलं की समोरचे दात घासणं त्यांच्यावर, असं मागून पुढे. असं केल्याने काम दरवेळी पूर्ण होतं आणि पूर्ण करणारे ते स्वतः असतात, मधेच अडकून तुम्ही हातातून ब्रश काढून घेताय असं होत नाही. पहिले काही आठवडे जागा, ब्रश, क्रम, मदत करणारा माणूस शक्यतो तेच ठेवा. व्यवस्थित बसलं की मग मुद्दाम थोडा बदल करा, वेगळा ब्रश, बसून, दुसऱ्या बाथरूममध्ये. निरोगी माणसाला कौशल्य शिकवताना आम्ही बदल लवकर आणतो, कारण सराव अदलाबदल करत केला की त्या वेळी कामगिरी वाईट दिसते पण पुढे जास्त टिकते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. इथे मात्र आधी एक वाट पक्की होऊ द्या, घाई केली तर दोन्ही वाटा पुसट राहतात असा माझा अनुभव आहे.

शर्टासाठी पटकन सांगते. पुढून बटणांचा घ्या, टीशर्ट नको. शर्ट मांडीवर कॉलर पोटाकडे, आतली बाजू वर, आणि उजव्या बाहीचं तोंड उजव्या हाताशी येईल असा पसरून ठेवा, त्या बाहीला आतून एक ठळक रंगाची पट्टी शिवा, आणि नेहमी उजवा हात आधी.

ताकदीचे व्यायाम बंद करू नका, पण वाढवूही नका, त्यांना कामात मिसळा. दहा वेळा डंबेल उचलण्याऐवजी धुतलेले टॉवेल वरच्या फळीवर ठेवणं, डब्याची झाकणं फिरवणं. खांद्याला तेवढाच व्यायाम होतो आणि समोर खरी वस्तू असते, पोचायची खरी जागा असते, त्यामुळे हालचालीला बाहेरून ओढ मिळते.

किती सुधारेल हे विचारलंय. बऱ्याच जणांत पहिल्या काही महिन्यांत ॲप्रॅक्सिया आपसूकही कमी होतो, काहींत पुढेही राहतो, विशेषतः डाव्या पराएटल भागाला मोठी इजा असेल आणि बोलणंही बरंच गेलं असेल तर. वय, स्ट्रोकचा आकार, झोप, मूड, घरात मदतीला कोण आहे, सगळ्याचा परिणाम होतो, त्यामुळे आकडा देत नाही. पण रोजची निवडलेली कामं परत शिकता येतात हे मी पुष्कळ घरांत बघितलंय, बाकी ॲप्रॅक्सिया तपासणीत तसाच राहिला असतानासुद्धा.

तोपर्यंत सांभाळायचं ते हे. गॅस, इस्त्री, ब्लेड, सुरी, मिक्सर यांच्याशी एकट्याने काही नको, गोळ्या हातात काढून द्या, आणि ताकद आली म्हणून गाडी चालवायला देऊ नका, डॉक्टरांनी रीतसर तपासून परवानगी दिल्याशिवाय अजिबात नाही. अचानक वाढलं, तोंड वाकडं झालं, बोबडं बोलायला लागले, हात परत गळला, तर तो नवा स्ट्रोक असू शकतो, त्याच मिनिटाला हॉस्पिटल. आणि हातांचा हा गोंधळ महिन्यामागून महिना हळूहळू वाढत चाललाय असं वाटलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण स्ट्रोकमुळे झालेलं असं सावकाश वाढत जात नाही, त्यामागे मेंदूचा दुसरा आजार असू शकतो.

आईंना एवढंच सांगा की ते टाटा करतात तो हात आणि ब्रश चुकवतात तो हात एकच आहे, पण मेंदूतली वाट एक नाहीये. जमलं तर एकदा सकाळच्या दात घासण्याला वर सांगितलं तसं त्यांनाच हात धरायला सांगा, हाताखाली ती अडखळण जाणवली की माझ्या समजावण्यापेक्षा ते लवकर पटेल.

पुढच्या भेटीत थेरपिस्टला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. दोन्ही हात वेगवेगळे, रिकाम्या हाताने, नक्कल करून आणि खरी वस्तू देऊन, असे तपासलेत का? पकड आणि ताकद मोजून तपासणी संपते असं बऱ्याच ठिकाणी होतं आणि मग हे सुटून जातं. बोलणं समजण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून झालीय का? आणि घरी करायची दोन कामं कुठली, ती तुमच्यासमोर एकदा वडिलांबरोबर करून दाखवतील का, म्हणजे हात कुठे धरायचा ते तुम्हाला बघता येईल. स्ट्रोक नेमका कुठे झालाय ते स्कॅनच्या रिपोर्टमध्ये असतं, तो रिपोर्ट सोबत घेऊन जा.